बँडसॉ सरळ कापायला लागेपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात धातूच्या बारचे उरलेले तुकडे किलोवर मिळतात. घरच्या छोट्या लेथसाठी मी माल तिथूनच आणतो. पण ५० मिमीचा राउंड बार हातातल्या हॅक्सॉने कापायचा म्हणजे खांदा भरून येतो. म्हणून वापरलेला आडवा बँडसॉ घेतला, म्हणजे पट्टीसारखं गोल जोडलेलं पातं दोन चाकांवर फिरवणारी मोटरची करवत, चार बाय सहा इंची. पातं १६३८ मिमी लांब, १३ मिमी रुंद. घरच्या शेडला हा आकार पुरेसा आहे. मशीन सुरू व्हायचं, कापायचंही, पण काप तिरका यायचा.

नवं बायमेटल पातं चढवलं तरी तेच. उद्यमनगरातल्या एका जुन्या मिस्त्रींना सांगितलं, तर ते म्हणाले, "पात्याला कशाला बोल लावताय? आधी बेअरिंग बघा की."

त्यांनीच तपासायची रीत सांगितली. बारवर वरच्या बाजूला मार्करने खूण करायची, पातळ चकती कापायची आणि तिची जाडी व्हर्नियरने चारही बाजूंनी मोजायची. वर-खाली फरक असेल तर पातं बेडला काटकोनात नाही, म्हणजे दोष गाईडचा (बेअरिंगांत पातं सरळ धरणारा भाग) किंवा ताणाचा. पुढे-मागे फरक असेल तर व्हाइसचा (माल पकडणाऱ्या शिकंज्याचा) स्थिर जबडा पात्याशी काटकोनात नाही. माझ्या चकतीत वर-खाली मिलिमीटरभर फरक होता. पुढे-मागे जवळपास काहीच नाही. म्हणजे व्हाइसला हात लावायची गरजच नव्हती.

आधी प्लग काढला. मग पात्याचा ताण वाढवला आणि वरच्या चाकाचा कल असा लावला की पात्याची पाठ चाकाच्या काठाजवळ चालेल, पण त्यावर घासणार नाही. त्यानंतर गाईड. प्रत्येक गाईडमधल्या एका बेअरिंगची पिन एक्सेंट्रिक, म्हणजे मध्यापासून थोडी सरकलेली, असते. ती फिरवली की बेअरिंग पात्याच्या जवळ येतं किंवा लांब जातं. बेडवर गुण्या उभा करून तो पात्याच्या सपाट अंगाला टेकवला. दात्यांना टेकवून चालत नाही, कारण दाते एकाआड एक बाहेर वळवलेले असतात. खाली बारीक फट दिसली. दोन्ही बेअरिंगं पात्याला लागतील, तरी बोटाने फिरवता येतील, इतपत पिन घट्ट केली. एक बेअरिंग खडखडत होतं, ते बदललंच. गाईडचे हातही मालाच्या जितके जवळ येतील तितके सरकवले. लांब ठेवले की मधलं मोकळं पातं वळतं. पुन्हा चकती कापली, तर फरक व्हर्नियरवर जेमतेम दिसण्याइतका राहिला.

त्याच दिवशी मोटरचा वेग कमी करणारा वर्म गिअरबॉक्स उघडला. आतलं तेल काळं पडलं होतं आणि त्यात पितळी चमक होती, म्हणजे ब्राँझचा गिअर झिजत होता. डिझेलने धुऊन नव्वद नंबरचं गिअर ऑइल भरलं. वापरलेलं मशीन घेणाऱ्याने हे काम पहिल्याच दिवशी करावं, असं मी ठामपणे सांगेन.

नव्या पात्याला सुरुवातीचे काही काप मी निम्म्या दाबाने देतो, नाहीतर दात्यांची कोवळी धार लगेच तुटते. पुढे दाब किती ठेवायचा ते चिप, म्हणजे कापताना निघणारा कीस, सांगते. कुरळी आणि चकचकीत आली तर ठीक. पूड पडली तर दाब कमी पडतोय, निळी झाली तर दाब किंवा वेग जास्त होतोय. माइल्ड स्टीलला मिनिटाला ३० मीटरच्या आसपास वेग मला बरा वाटतो, अ‍ॅल्युमिनियमला ५०.

पातळ माल सगळ्यात त्रास देतो. एका वेळी निदान तीन दाते मालात हवेत, आणि इंचाला १४ दात्यांच्या पात्यावर ३ मिमीच्या अँगलच्या (L आकाराच्या पट्टीच्या) एका पायात दोनही मावत नाहीत. म्हणून अँगल कौलारू छपरासारखा पालथा ठेवतो. पाय तिरके कापले जातात, दोन्ही एकदम कापले जातात आणि दाते अडकत नाहीत.

काम संपलं की ताण सैल करतो. स्टीलला पाण्यात मिसळलेलं कटिंग ऑइल वापरतो, बीड (कास्ट आयर्न) मात्र कोरडंच कापतो. बिडाची काळी पूड या तेल-पाण्यात गेली की चिखल होतो आणि तो थेट बेअरिंगांत शिरतो. त्यामुळे बीड कापून झालं की आधी ब्रश, मग पुढचं काम.