नवतपा आणि दगडफूल

नवतपा सुरू, पारा 45 वर, त्यात सकाळीच कूलरची मोटर बसली. म्हणून निव्वळ एसीच्या लोभानं भाच्यासोबत त्याच्या कॉलेजात ध्रुवीय संशोधनावरच्या व्याख्यानाला गेलो. (खोटं कशाला बोलू?)

अंटार्क्टिकातलं आपलं मैत्री, 2012 चं भारती, आर्क्टिकमधलं हिमाद्री, या भारताच्या संशोधन केंद्रांबद्दल थोडंफार ऐकून होतो. व्याख्यान देणाऱ्या बाईंनी मात्र सामी लोकांचं सांगितलं. नॉर्वे-स्वीडनच्या उत्तरेला हे लोक रेनडिअर पाळतात. हिवाळ्यात ती जनावरं खुरानं बर्फ उकरून खालचं दगडफूल खातात. आता भर हिवाळ्यात पाऊस येतो. तो गोठला की बर्फावर काचेसारखा कडक थर बसतो. जनावर खूर आपटत राहतं, चारा वीतभर खाली असून तोंडाला लागत नाही. मग मालकानं विकतचा चारा आणायचा. अवकाळीत आंबिया बहाराची संत्री गळताना पाहिलेल्या माणसाला आणखी काय समजावणार?

1979 पासून आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगानं तापतोय म्हणे.

घरी येऊन आईला सांगितलं. "बाप्पा! आपलं सावजी मसाल्यातलं दगडफूल?" म्हटलं, तेच नाही, पण त्याच भावकीतलं. तिनं डबा उघडून एक पापुद्रा हातावर ठेवला. वरून काळसर राखाडी, खालून काळाकुट्ट, वजन काहीच नाही. बराच वेळ हुंगत बसली.

मोटर अजून मिळाली नाही.