बालाघाटाच्या पोटात

बीडहून मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात खजाना विहीर येते. बहुतेक गाड्या न थांबता पुढं जातात, कारण रस्त्यावरून बघण्यासारखं काहीच नाही. ना कमान, ना बुरूज. सपाट रानात एक रुंद गोल विहीर. पण आत डोकावलं, भुयारं कुठून येतात आणि कुठं जातात ते समजून घेतलं, की पाय निघत नाही.

अहमदनगरच्या निजामशाहीत, सोळाव्या शतकात, सलाबतखानानं ही विहीर बांधून घेतली. काम राजा भास्कर या स्थापत्यकाराचं. भुयारं तीन. दोन भुयारांतून जमिनीखालचं पाणी विहिरीत येतं, तिसऱ्यातून ते बाहेर पडतं. उतार असा साधलाय की मोट नको, मोटार नको. पाणी आपसूक बलगुजारच्या रानात जाऊन पोचतं. १९७२ च्या दुष्काळातही ही विहीर आटली नव्हती, असं बीडमधली जुनी माणसं सांगतात. आमच्या भागाची ओळख टँकरवरून करून देणाऱ्यांना मी आधी इथं घेऊन येतो.

पुढं बालाघाटाच्या डोंगररांगेतला मांजरसुंब्याचा घाट. डाव्या-उजव्या डोंगरांवर सीताफळाची झाडं. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय आणि त्याचा अभिमान आहेच, पण या वेळी मला मुद्दाम बघायची होती ती इथल्या माळाची मूळची, कुणी न लावलेली झाडं. जवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीचं दर्शन घेतलं, धबधब्याखाली थोडं थांबलो आणि पाटोद्याच्या बाजूला वळलो. भाद्रपद संपत आला होता. नायगावच्या मयूर अभयारण्याकडं मोर ओरडत होते, पण माझी नजर जमिनीवर.

पहिली दिसली कळलावी. हिच्या पानाचं टोकच लांब होऊन गुंडाळतं आणि आधाराला धरून वेल वर चढते. फुलाच्या पाकळ्या मागं वळलेल्या. आधी पिवळ्या, मग केशरी, मग लालभडक. दिसायला इतकी देखणी, पण कंद जहरी. पोरांना दाखवायची ती लांबूनच.

मुरमाड उतारावर दगडांच्या फटीत शिंदळमाकडी होती. पानं जवळजवळ नाहीतच. हिरव्या चौकोनी कांड्या उभ्या, त्यातच पाणी साठवलेलं. गुराख्यांची पोरं ती तोडून कच्ची खातात, काही घरांत भाजीही होते.

मला हवी असलेली वेल मात्र सापडेना. झुडपं चाचपत फिरतोय हे बघून शेळ्यांमागचे एक मामा जवळ आले.

"काय हुडकायलाव, बाबा?"

"मामा, बारीक वेल असती बघा, कंदिलासारखं फूल येतं..."

"पाताळतुंबडी म्हना की! मोकळ्या रानात कशाला घावती? शेरडं ठिवतेत का? ह्या काट्यात बगा."

त्यांनी काठीनं बाभळीच्या झुडपाच्या फांद्या बाजूला केल्या. आत, काट्यांच्या आडोशाला, ती होती. गुडघे टेकून बघितलं. फूल करंगळीएवढंही नाही. बूड फुगीर हिरवट, वर अरुंद नळी, आणि टोकाला जांभळट पाकळ्या एकमेकींना चिकटून जाळीदार कळस केलेला. वासानं आलेली चिलटं त्या नळीतून आत घसरतात. आतले केस खालच्या दिशेला वळलेले असल्यानं त्यांना परत वर येता येत नाही. फूल त्यांना खात नाही, नुसतं कोंडून ठेवतं. केस सुकले, फूल कलंडलं की चिलटं सुटतात, ती अंगाला परागांच्या पुंजक्या घेऊनच. मग तशाच दुसऱ्या फुलात शिरतात.

स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांनी १७९५ मध्ये या वेलीचं शास्त्रीय वर्णन छापलं. मामांच्या घरात ती त्याच्या कितीतरी आधीपासून ठाऊक असणार. वेल उन्हाळ्यात पार वाळून जाते, जमिनीवर खूणही उरत नाही. खाली कंद मात्र पाणी आणि पीठ धरून पावसाची वाट बघत असतो. मामा म्हणाले, लहानपणी ढोरं राखताना आम्ही हे कंद उकरून खायचो, गोड लागायचे. आता कुणी उकरत नाही, पण माळच राहिला नाही. त्यांनी हात केला तिकडं जेसीबीनं सपाट केलेला उतार होता आणि पवनचक्कीकडं जाणारा नवा मुरमाचा रस्ता. "पडीक जमीन" असं सातबाऱ्यावर लिहिलं की सगळ्यांना ती रिकामीच वाटते. ती रिकामी नाही. मला हे अगदी मनापासून सांगायचंय.

निघताना पँटला कुसळं टोचायला लागली. नवी कुसळी नुकतीच पिकत होती. मामांनी एक कुसळ माझ्या तळहातावर ठेवून त्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. पीळ उलगडायला लागला आणि कुसळ हातावर गोल फिरू लागलं. पाऊस पडला की ही अशी फिरत फिरत स्वतःचं बी मातीत रोवते, आणि मेंढीच्या लोकरीतून थेट कातड्यातही घुसते. मामांचा तिच्यावर राग होता तो त्यामुळं.

सौताड्याला विंचरणा नदीचा धबधबा आणि दरीत रामेश्वराचं देऊळ आहे. मी पोचेपर्यंत धार बारीक झाली होती. तुम्ही जाणार असाल तर चांगला पाऊस झाल्यावर आठवड्याच्या आत जा. पाताळतुंबडी बघायची तर श्रावण-भाद्रपदात, काटेरी झुडपांच्या बुडाशी. फोटो काढा, कंद मात्र जागेवरच राहू द्या.