कवीचे पहिले श्रोते

कविता एकट्यानेच लिहायची असते, याबद्दल माझे दुमत नाही. पण ती पक्की होण्याआधी कोणाच्या तरी कानावर पडावी, असे मला मनापासून वाटते. आमच्या छोट्या गटात आम्ही नवी कविता मोठ्याने वाचतो, तेव्हा अडखळणारा चरण इतरांनी काही बोलण्याआधीच वाचणाऱ्याच्या लक्षात येतो.

१९०७ साली जळगावच्या कविसंमेलनात अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांनी त्र्यंबक बापूजी ठोंबरे या कोवळ्या वयाच्या मुलाला ‘बालकवी’ म्हणून गौरवले, हे आपण शाळेत वाचलेले असते. मला त्याहून मोलाचे वाटते ते रेव्हरंड टिळकांचे घर. ठोंबरे तेथे काही काळ राहिले, आणि लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये ते त्या कुटुंबातलेच एक होऊन वावरताना दिसतात. टिळकांची कविता भक्तीकडे ओढ घेणारी होती. बालकवी मात्र निसर्गाच्याच वाटेने गेले. शिष्याला इतके जवळ ठेवूनही त्याच्यावर आपला ठसा उमटू न देणे फार थोड्यांना जमते.

समवयस्कांच्या गटाचे काम वेगळे असते. १९२३ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या रविकिरण मंडळात फारसीचे अभ्यासक माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे आणि मनोरमाबाई रानडे हे कवी होते, तसेच नाट्यछटाकार दिवाकरही होते. त्यांनी एकमेकांना कविता ऐकवल्या, सर्वांच्या रचना एकत्र करून संग्रह काढले, आणि काव्यगायनाने कविता श्रोत्यांपर्यंत नेली. मात्र सतत एकत्र वावरणाऱ्या कवींच्या लकबीही सारख्या होऊ लागतात, आणि मंडळातल्या नेमक्या अशाच लकबींवर १९२५ साली अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ने विडंबनाचे बोट ठेवले. त्या टीकेत तथ्य होते, असे मी मानतो. तरीही माधव जूलियनांची गझल आणि गिरीशांचे सामाजिक खंडकाव्य एकाच मंडळात वाढले, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते.

म्हणूनच आमच्या गटातील ज्येष्ठ कवयित्रींची पद्धत मला पटते. कच्च्या वाटलेल्या ओळीखाली त्या पेन्सिलीने रेघ ओढतात, ती का खटकली हे सविस्तर सांगतात, पण तिच्या जागी स्वतःची ओळ कधीही सुचवत नाहीत, मग आम्ही कितीही आग्रह केला तरी.