पुढे स्पेस देऊनसुद्धा पासवर्ड हिस्टरीत

चवथीच्या आधीचा आठवडा. फोंड्याला घरूनच काम चालू होतं, बाहेर धो धो पाऊस, लाईट दोनदा जाऊन आलेली. ऑफिसात नवीन लागलेल्या मुलीला स्क्रीन शेअर करून डेटाबेसचा बॅकअप दाखवत होतो, टर्मिनलात टाइप केलेल्या ओळी हिस्टरीत साठतात, त्यातून जुनी कमांड शोधायला कंट्रोल-आर दाबून ‘डंप’ टाइप केलं आणि समोर आख्खी ओळ आली, पासवर्डासकट. ती म्हणते, "दादा, तो खराच पासवर्ड काय?" म्हटलं हो गं, आता बदलतो.

आता पासवर्ड कमांडमध्ये लिहू नये हे कळतं, पण घाईत लिहितो आणि तेव्हा न चुकता ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस देतो. बॅशमध्ये, म्हणजे टर्मिनलातल्या कमांड घेऊन चालवणाऱ्या माझ्या शेलमध्ये, हिस्टकंट्रोल या सेटिंगला इग्नोरस्पेस किंवा इग्नोरबोथ (इग्नोरस्पेस आणि लागोपाठ आलेली तीच ओळ गाळणारं इग्नोरडुप्स, दोन्ही) दिलेलं असलं की स्पेसने सुरू होणारी ओळ हिस्टरीत जातच नाही. बॅशआरसी, म्हणजे बॅश सुरू होताना वाचतो ती सेटिंगची फाइल, उघडून बघितली, इग्नोरबोथ जागच्या जागी होतं. मग चालू टर्मिनलात इको करून, म्हणजे ती सेटिंग छापून बघितली तर नुसतं इग्नोरडुप्स! म्हणजे इग्नोरस्पेसचा भाग कोणीतरी गुपचूप काढलेला.

संशय गेला तो दोन महिन्यांपूर्वी टाकलेल्या एका स्क्रिप्टवर. झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये कमांड चालायच्या आधी प्रीएक्झेक आणि प्रॉम्प्ट (पुढची कमांड मागणारी खूण) यायच्या आधी प्रीसीएमडी असे हुक, म्हणजे आपला कोड अडकवायच्या जागा, असतात, बॅशमध्ये तसे आयते नाहीत, ती स्क्रिप्ट ते आणून देते. मला प्रत्येक कमांडला किती वेळ लागला ते प्रॉम्प्टवर हवं होतं, म्हणून घेतली होती. बॅशआरसीतली ती स्क्रिप्ट लोड करणारी ओळ कॉमेंट करून, म्हणजे तात्पुरती बंद करून, नवीन टर्मिनल उघडलं तर इग्नोरबोथ परत आलं.

मग चहा करून घेतला आणि स्क्रिप्ट वाचायला बसलो. ती चालते बॅशच्या डीबग ट्रॅपवर, म्हणजे कमांडच्या आधी आपोआप चालणाऱ्या कोडवर, पण ट्रॅप तुम्ही टाइप केलेल्या ओळीसाठी नाही तर त्यातल्या एकेका साध्या कमांडसाठी पेटतो, पाइप लावून तीन कमांड जोडल्या तर ट्रॅपला तुकडे दिसतात. मग पूर्ण ओळ आणायची कुठून? तर हिस्टरीतून, ‘हिस्टरी १’ म्हणजे शेवटची नोंद. आता स्पेसवाली ओळ हिस्टरीत गेलीच नसेल तर हुकच्या हातात आधीची जुनी कमांड पडणार. म्हणून स्क्रिप्ट इग्नोरस्पेस काढून टाकते. कारण पटलं, पण राग यायचा तो आलाच, बॅशआरसीत लिहिलेलं तसंच्या तसं आणि आत वेगळंच चालू!

पहिला उपाय म्हणून बॅशआरसीच्या अगदी शेवटी पुन्हा इग्नोरबोथ लिहिलं. काही उपयोग नाही, कारण स्क्रिप्ट स्वतःला बसवते ती प्रॉम्प्ट कमांड या सेटिंगमधून (त्यातला कोड दर प्रॉम्प्टच्या आधी चालतो), पहिला प्रॉम्प्ट येताना, तेव्हा बॅशआरसी वाचून संपलेली असते. मग प्रॉम्प्टच्या आधी स्पेसवाली नोंद ‘हिस्टरी -डी’ने उडवायचं छोटं फंक्शन लिहिलं. तरी ओळ हिस्टरीच्या फाइलमध्ये सापडली! लाईट गेली की हिस्टरी जाऊ नये म्हणून मी तिथेच ‘हिस्टरी -ए’ ठेवलेलं, ते आधी चालून ओळ फाइलला जोडून मोकळं, आणि माझं फंक्शन मागून मेमरीतली नोंद पुसतंय. क्रम उलटा केला तर चाललं, पण तोवर माझाच जीव त्यातून उडाला होता.

मॅकवाल्या मित्राला सांगितलं तर तो हसला. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून झेडशेलच डिफॉल्ट, आणि तिथे प्रीएक्झेकला टाइप केलेली ओळ थेट मिळते, ती हिस्टरीच्या फाइलमधून गाळलेली असली तरी. त्याचं ऐकून शेल बदलायला निघालो होतो, मग डोक्यात आलं की मला कमांडची ओळ हवीच कुठे होती, मला फक्त सुरू झाल्याची वेळ हवी होती.

बॅश ४.४ पासून पीएस० नावाचा एक प्रॉम्प्ट आहे, ओळ वाचून झाल्यावर आणि कमांड चालायच्या आधी तो छापला जातो. त्यात कमांड सबस्टिट्यूशन (कमांड चालवून तिचं उत्तर तिथे भरणं) वापरलं तर ते सबशेलमध्ये, म्हणजे शेलच्या वेगळ्या प्रतीत, चालतं आणि ठेवलेली व्हॅल्यू तिथेच मरते, पण अंकगणिताचं एक्सपान्शन चालू शेलमध्येच होतं, तेव्हा त्यातून सेकंद्स (शेल सुरू झाल्यापासूनचे सेकंद) ठेवून घेतले आणि प्रॉम्प्ट येताना वजाबाकी केली. स्क्रिप्ट काढली, इग्नोरबोथ परत जागेवर. पासवर्ड बदलला, फाइलमधली जुनी ओळही काढली, आधी बाकीची उघडी टर्मिनलं बंद करून, त्यांनी ती परत लिहू नये म्हणून.