पेन्सिलीचं शिसं आणि धौलीचा खडक

२०१० साली ग्राफीनच्या, म्हणजे कार्बनच्या एका अणूइतक्या जाड थराच्या, प्रयोगांना भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा आम्ही दहावीत होतो. विज्ञानाचे सर वर्गात चिकटपट्टीचं रीळच घेऊन आले. पेन्सिलीचं शिसं पट्टीवर घासायचं, पट्टी दुमडायची, उलगडायची, पुन्हा दुमडायची. काळाकुट्ट डाग दर खेपेला फिकट होत गेला. पेन्सिलीच्या शिशातल्या ग्राफाइटचे थर एकमेकांना सैलसर धरून असतात, म्हणून तर पेन्सिल कागदावर उमटते. एकाच थरातले कार्बनचे अणू मात्र षटकोनी जाळीत विलक्षण घट्ट बांधलेले असतात. मँचेस्टरमध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी याच युक्तीने एका अणूच्या जाडीचा थर सुटा केला आणि २००४ साली जगापुढे मांडला. असे तीसेक लाख थर रचले, तर कुठे एक मिलिमीटर भरतो! सर म्हणाले, "आपल्या पट्टीवरही तो असेल. पण आहे हे दाखवाल कसं?"

इतिहासाच्या बाईही याच पठडीतल्या. अशोक आमचा सहावीतच होऊन गेला होता, तरी त्यांनी तो नव्याने शिकवला, थेट शिलालेखांवरून. कलिंगात एक लाख माणसं मारली गेली, दीड लाख पकडून नेली, हे आकडे शत्रूने लिहिलेले नाहीत. खुद्द सम्राटाने ते तेराव्या शिलालेखात कोरवून घेतले. आणि ज्या कलिंगात हे घडलं, तिथल्या, आजच्या ओडिशातल्या, धौली व जौगडच्या खडकांवर नेमका तोच लेख नाही! तिथे वेगळी आज्ञा आहे : सगळी माणसं माझी लेकरं आहेत. असं का, यावर आमचा तास संपूनही वाद चालू होता. ज्यांची माणसं गेली त्यांच्याच डोळ्यांसमोर तो आकडा कोरवणं राजाला जड गेलं असावं, असं मला आजही वाटतं. बाईंनी उत्तर दिलं नाही. "लेखात काय आहे आणि तुम्ही काय जोडताय, ते वेगवेगळं लिहा," एवढंच म्हणाल्या.

मी आता कार्बनच्या अशाच पातळ थरांवर काम करतो. एकच थर आहे की दोन, हे आम्ही रामन वर्णपटावरून, म्हणजे थरावरून विखुरलेल्या लेझरच्या प्रकाशात होणाऱ्या बदलांवरून, ठरवतो. नवा विद्यार्थी "एकच थर मिळाला" म्हणत आला, की मी आधी वर्णपट मागतो.

शाळेच्या महोत्सवी वर्षात तिला एक उत्तम सूक्ष्मदर्शक आणि धौलीच्या लेखाचा ठसा द्यावा, म्हणून आमच्या तुकडीने वर्गणी सुरू केली आहे.