बावीस ते सात

22 नोव्हेंबर, शनिवार, रात्री पावणेअकरा

बूट काढताना चिऊ कुरकुरली म्हणून आत बोट घालून बघितलं, तर तिचा अंगठा दुमडलेला. पुढे जागाच नाही. जूनमध्ये घेतले होते. दुकानदार म्हणाला होता, "ताई, वाढत्या मापाचे घ्या, वर्ष निघेल." वाढत्या मापाचेच घेतले, पुढे कापसाचा बोळा घालून. बोळा ऑगस्टमध्ये काढला आणि नोव्हेंबर संपायच्या आत बूट संपले.

आज बावीस. पगार सातला. पोराचा पाय काही कॅलेंडर बघून वाढत नाही.

हे नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये आहेत, ठेकेदाराकडून. हातात 19,000 येतात. त्यातले 5,500 खोलीभाडं, 2,480 गाडीचा हप्ता, 3,800 किराणा. दुधाचा रतीब एक लिटरचा, म्हणजे 1,800, खाडे वजा करून थोडा कमी. भाजी 1,200, पेट्रोल 1,300, लाइट 650, दोघांचे रिचार्ज मिळून 600, गॅसचे महिन्यावर काढलेले 600, बचत गट 300. ही बेरीज मी एवढ्या वेळा केलीय की झोपेतसुद्धा 18,230 म्हणेन. उरले 770. औषधं, चपला, कोणाचं बारसं, मिक्सरची भांडी घासून घासून गेलेली रबरी चकती, सगळं त्या 770 मध्ये.

सात ते बावीस नीट जातं. बावीस ते सात ओढावं लागतं. पहिल्या पंधरवड्यात मी आमटीला कोथिंबीर घालते, दुसऱ्यात नुसतं जिरं. ह्यांना वाटतं माझा हात लागला नाही आज.

चिऊला एका लग्नपत्रिकेवर उभी केली आणि पेन्सिलीने पायाभोवती रेघ काढली. तिला गुदगुल्या झाल्या, टाचेपाशी रेघ वाकडी गेली. टेप माझ्या गळ्यात असतेच. 14 सेंमी. पत्रिका डायरीत ठेवलीय. तोवर जुन्या सँडलवर भागवू, तिचा बंद तसाही तुटका आहे, बोटं बाहेर येतात. येऊ देत, सध्या तेच बरं.

24 नोव्हेंबर, सोमवार

रात्री दीडला अंग तापलं. मी आधी तिच्या कपाळाला हात लावला आणि मग अंधारातच मनात तारीख मोजली. ह्याची लाज वाटते, पण तसं झालं खरं. 101.8. डॉक्टरांनी मागच्या वेळी वजनावर औषधाचं माप लिहून दिलं होतं, तेवढं पॅरासिटामॉल पाजलं, कपडे सैल केले, सकाळपर्यंत मांडीवर घेऊन बसले. हे मधूनमधून उठून "किती?" विचारत होते. मी प्रत्येक वेळी थोडा कमी आकडा सांगितला.

सकाळी दवाखाना. फी 400, औषधं 265. डॉक्टर म्हणाले, सर्दीचा ताप आहे, अँटिबायोटिक नको, पाणी पाजत राहा. म्हणजे "नको" ह्या शब्दाचे चारशे. मला ते महाग वाटले नाहीत.

पैसे गॅसच्या डबीतले. माझ्याकडे हिंगाच्या तीन रिकाम्या पिवळ्या डब्या आहेत, एक गॅसची, एक लाइटची, एक दुधाची. पगार झाला की नोटा गुंडाळी करून त्यात. यूपीआयमधून पैसे कधी जातात कळत नाही, हिंगाच्या डबीतून गेलेले नाकाला कळतात. काउंटरवरच्या मुलीने नोट घेतली आणि जरा थबकली. मी शांतपणे दुसरीकडे बघितलं.

गॅसच्या डबीत 700 होते, आता 35.

लसीकरणाचं मात्र आजवर एक रुपया लागला नाही. दीड महिन्याच्या, अडीच महिन्यांच्या, साडेतीन महिन्यांच्या, मग नवव्या महिन्याची गोवर-रुबेला, दीड वर्षाचे बूस्टर, सगळं मनपाच्या दवाखान्यात. समोरच्या ताईंनी त्यांच्या बाळाला बाहेर टोचून घेतलं, तिथे म्हणे न दुखणारी सुई असते. चिऊला दुखलं. मांडीला गाठ आली, रात्रभर रडली, दुसऱ्या दिवशी पळायला लागली. अ जीवनसत्त्वाचा पिवळा डोस दर सहा महिन्यांनी, तो तिला एवढा आवडतो की चमचा सोडत नाही.

26 नोव्हेंबर

ताप उतरलाय. आज डायपरचं पाच नगांचं पाकीट आणलं, 60 रुपयांना. एकाला बारा. मोठं पाकीट घेतलं असतं तर एक नऊला पडतो. हे गणित दुकानात उभं राहून करायचं आणि तरी छोटंच उचलायचं, कारण मोठ्याला लागणारे साडेचारशे आज नाहीत. सप्टेंबरच्या 22 तारखेपासून डायपरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, तेव्हा मोठं पाकीट थोडं उतरलं होतं. आनंद झाला होता. पण सवलत मिळायची तर आधी मोठं पाकीट घ्यायची ऐपत हवी ना.

आता दिवसा बंदच केलेत. माझ्या जुन्या सुती साडीचे लंगोट आहेत, आणि दर तासाला तिला बाथरूममध्ये बसवून "शूऽऽ". दिवसातून दोनदा जमतं, तीनदा फरशी पुसते. रात्री एक डायपर. पाच नग, पाच रात्री, म्हणजे पहिली तारीख उजाडेल. पुढे सहा रात्री मेणकापड.

असंच गव्हाचं. आमच्याकडे माहेरी एप्रिल-मेमध्ये वर्षाचं धान्य भरायचे. अंगणात सतरंजीवर लोकवन पसरलेला, आई आणि काकू पाय लांब करून निवडतायत, मग हाताला एरंडेल घेऊन चोळायचं, कोठीत तळाला कडुलिंबाचा पाला. आम्ही पोरं त्या गव्हात गुडघ्यापर्यंत पाय खुपसून बसायचो, आत गार लागायचं. तेव्हा मला वाटायचं ही काटकसर. आज कळतं, ती श्रीमंती होती. एकदम क्विंटलभर घ्यायला एकदम पैसे लागतात. मी दहा-दहा किलो आणते, 38 ने. मे महिन्यात हाच गहू 31 ला होता. क्विंटलमागे सातशे. आपल्याकडे कमी आहेत म्हणून जास्त द्यायचे, असा हा उफराटा कारभार आहे.

यंदा मेमध्ये घ्यायचाच असं मागच्या मेमध्येही लिहिलेलं सापडलं.

28 नोव्हेंबर, शुक्रवार

अंगणवाडीत वजन. 10 किलो 600. उंचीपण घेतली. ताईंनी मोबाइलमध्ये पोषण ट्रॅकरवर भरलं आणि म्हणाल्या, "हिरव्यात आहे हो, काळजी नको." तापानंतर दोनशे-तीनशे ग्रॅम उतरली असेल अशी माझी समजूत होती, म्हणून सकाळपासून पोटात गोळा होता. हिरव्यात आहे. घरी येताना मी उगाचच लांबच्या रस्त्याने आले.

तीन वर्षांची होईपर्यंत घरी न्यायचा आहार मिळतो, तीननंतर तिथेच बसून गरम जेवण आणि शिकणं. समोरच्या ताईंनी विचारलं, "अंगणवाडीतच ठेवणार? नर्सरीचं काय?" कोपऱ्यावरच्या प्लेग्रुपची फी वर्षाला 14,000, गणवेश आणि बॅग वेगळी. मी म्हटलं, बघू. "बघू" हा माझा सध्याचा सगळ्यात जास्त वापरात असलेला शब्द.

आरटीईच्या 25 टक्क्यांत पुढे पहिलीला खासगी शाळेत मोफत प्रवेश मिळेल का, हेही विचारून आले. आमच्यासारख्यांना वर्षाचं उत्पन्न एक लाखाच्या आत लागतं. ह्यांचे 19,000 गुणिले बारा म्हणजे 2,28,000. बसत नाही. लाडक्या बहिणीसाठी मात्र मर्यादा अडीच लाखांची, तिथे बसतो. एका कागदावर आम्ही गरजू आणि दुसऱ्यावर सुखवस्तू. घर तेच, दहा बाय बाराचं.

ते 1,500 मी 19,000 मध्ये धरत नाही. धरले की खर्च होतात. आले की पाचशे चिऊच्या सुकन्या खात्यात आणि हजार गटाच्या कर्जाला, शेकडा दोनने घेतलेलं आहे, माझी पिको मशीन त्यातूनच आली. सुकन्याला वर्षाला किमान 250 भरले तरी खातं चालू राहतं, व्याज सध्या 8.2 टक्के. पोस्टातल्या बाईंनी पासबुकावर चिऊचं पूर्ण नाव टाइप केलं तेव्हा मी ते तीनदा वाचलं. घरात तिला त्या नावाने कोणीच हाक मारत नाही.

2 डिसेंबर

फॉल-पिकोच्या अकरा साड्या पोचवल्या. नवरीकडच्या. फॉल त्यांचे, मजुरी 70. अकरा सत्ते सत्त्याहत्तर, म्हणजे 770! हा आकडा माझ्या मागेच लागलाय.

चार रात्री बसले होते. फॉल आधी पाण्यातून काढून वाळवायचे, नाहीतर पहिल्या धुण्याला साडी गोळा होते आणि बायका नाव ठेवतात. ते खोलीभर दोरीवर टांगलेले, लाल, जांभळे, मोरपंखी, आणि चिऊ त्यांच्या मधून धावतेय, डोक्यावर ओढून घेऊन "मी नवली" म्हणतेय. एका पैठणीच्या काठाला मी श्वास रोखून टाके घातले. तिची किंमत माझ्या भाड्याच्या दुप्पट होती, चिठ्ठी तशीच लटकत होती.

साड्या बघून बाई खूश झाल्या. चहा दिला, चिऊला लाडू दिला, आणि म्हणाल्या, "बारा तारखेला लग्न आहे, झालं की देते हं लगेच." मी "चालेल ताई" म्हटलं. जिना उतरताना स्वतःवर चिडले. किराणावाला मला "चालेल ताई" म्हणतो तेव्हा वहीत लिहितो तरी. मी तेही केलं नाही, वर लाडवाचं कौतुक केलं.

5 डिसेंबर

निफाडकडे कडाका पडलाय. सासूबाईंनी गावाहून येणाऱ्याबरोबर कांदे, बाजरी आणि चिऊला विणलेला स्वेटर पाठवला. बाह्या बोटांच्या पुढे चार इंच. फोनवर म्हणाल्या, "वाढत्या अंगाचा केलाय, दुमडून घाल." दुमडून घातला. आंघोळीचं पाणी आता जास्त तापवावं लागतं, गॅस भराभर जातो. बाजरीमुळे गहू पुरेल.

रात्री ह्यांनी हळूच विचारलं, "ओव्हरटाइम मिळतोय आठवडाभर, घेऊ का? चिऊ झोपल्यावर येईन मग." मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ते उद्यापासून घेणार आहेत.

7 डिसेंबर

सात तारीख. आणि रविवार. ठेकेदाराचा निरोप आला, पैसे उद्या.

दुधाच्या डबीत वीस रुपये होते. उद्याच्या रतीबाला आज खाडा सांगितला. कालचं अर्धा लिटर उरलंय, त्यात चिऊचं होईल, आमचा कोरा चहा. ह्यांना कोरा चहा आवडतो असं ते अचानक म्हणाले.

8 डिसेंबर, सोमवार

दुपारी दोनला मेसेज वाजला. हे रात्री नऊला येणार, तोवर थांबले असते तर दुकान बंद झालं असतं, म्हणून चिऊला घेऊन मी एकटीच सिटी बसने मेन रोडला गेले.

दुकानात पत्रिका काढली. दुकानदार हसला, म्हणाला, "माप आणलंय? बरं केलं." पोरीला बाकावर बसवली, तिचा पाय त्या रेघेवर ठेवला, आणि बोटं रेघेच्या बाहेर. केसभर का होईना, बाहेर. रेघ माझी वाकडी गेली होती म्हणून असेल. सोळा दिवसांत तेवढा वाढेल का पाय? मी पुन्हा टाच नीट टेकवून बघितलं. पुन्हा तेच.

"दोन नंबर मोठे घ्या," तो म्हणाला. मी एकच मोठा घेतला. फार मोठ्या बुटात ती पडते, मागच्या वेळी गुडघे फुटले होते. 280 म्हणाला, 240 ला दिले. लाल, वेलक्रोचे. चिऊ पूर्ण रस्ता वेलक्रो उघडत आणि लावत बसली, चर्र चर्र, शेजारच्या आजीबाई शेवटी म्हणाल्या, "बाळा, झिजंल गं ते."

पत्रिका उलटून बघितली तर लग्न तेच, बारा तारखेचं. माझ्या अकरा साड्यांचं. म्हणजे आहेर घेऊन जायचं आणि मजुरी घेऊन यायचं. बसमध्ये एकटीच हसले.

घरी येऊन डब्या भरल्या. भाडं दिलं, दूधवाल्याचा हिशोब केला, किराण्याचं मागचं मिटवलं. गॅसच्या डबीत 35 आणि 600, झाले 635. सिलिंडर साडेआठशेच्या पुढे आहे, 860 धरले तर 225 कमी. ते 770 मधून इकडे टाकले. बुटाचे 240 गेले. राहिले 305. बसचे अजून लिहिले नाहीत.

भात लावला आणि कुकरची शिट्टी होईपर्यंत सिलिंडरला ओलं फडकं फिरवलं. वरचं पाणी लगेच वाळतं, जिथे गॅस आहे तिथलं जरा वेळ ओलं राहतं. चिऊ नवीन बूट घालून शेजारी उकिडवी बसली होती, तिनेही बोट लावून बघितलं.

खालची चार बोटं ओली राहिली. माझी चार, तिची सात-आठ भरतील.