कुत्र्याचं भुंकणं ऐकू येईल तिथवर

फिनलंडमधल्या रोव्हानिएमीहून इनारीला जाणारी बस उत्तरेकडे निघाली की थोड्याच वेळात रेनडिअर रस्त्यावर येतात आणि मुळीच घाई न करता चालत राहतात. ही जनावरं रानटी नव्हेत, प्रत्येकाला मालक आहे. कानावरच्या कापांच्या खुणेवरून तो ओळखतात.

शेजारच्या सीटवरच्या आजी निवृत्त शिक्षिका. पर्यटकाला सांगायचा ठरलेला शब्द त्यांनीही सांगितला: पोरोनकुसेमा. ‘पोरो’ म्हणजे रेनडिअर, ‘कुसेमा’ म्हणजे सरळ सांगायचं तर मुतणं. गाडीला जुंपलेला रेनडिअर पळता पळता लघवी करू शकत नाही, थांबावंच लागतं. दोन थांब्यांमधलं अंतर म्हणजे एक पोरोनकुसेमा, साधारण साडेसात किलोमीटर.

मला मात्र त्यांनी नंतर सांगितलेला शब्द जास्त आवडला: पेनिनकुल्मा. आजच्या फिनिशमध्ये ‘कुल्मा’ म्हणजे कोपरा, त्यामुळे वरवर पाहता काहीच बोध होत नाही. पण हा ‘कुल्मा’ मुळात ‘ऐकू येणं’ या क्रियापदातून आलेला, झिजून कोपऱ्यासारखा झालेला. आणि ‘पेनि’ म्हणजे कुत्रा! तो जुना शब्द आता वापरात नाही. पिल्लाला म्हणतात त्या ‘पेनिक्का’त तेवढा उरलाय. कुत्र्याचं भुंकणं जिथवर ऐकू येईल तेवढं अंतर, म्हणजे शांत हवेत पाच-सहा किलोमीटर.

पुढे सरकारी मोजमाप आलं. फिनलंड तेव्हा स्वीडनच्या राज्यात होता. 1649 साली स्वीडिश मैल 18,000 आल्न (लांबीचं जुनं स्वीडिश माप), म्हणजे सुमारे 10.7 किलोमीटर ठरला आणि पेनिनकुल्माही तेवढाच झाला. इतक्या लांब कुठल्या कुत्र्याचा आवाज जायचा? पण कागदावर एकदा आकडा चढला की कुत्र्याला कोण विचारतो.

मी आजींना आपला कोस सांगितला. संस्कृत ‘क्रोश’ म्हणजे हाक, आरोळी; ती पोचेल तेवढं अंतर. ‘पंचक्रोशी’त तो अजून अख्खा आहे. त्यांनी लगेच वहीत लिहून घेतला. तुमच्याकडे माणूस ओरडतो, आमच्याकडे कुत्रा, म्हणाल्या. फिन माणूस कशाला ओरडेल!

सोदानक्युलाला बस थांबली आणि निम्मे प्रवासी स्वच्छतागृहाकडे धावले. रोव्हानिएमीपासून सुमारे 130 किलोमीटर. आजींनी हिशेब केला: सतरा पोरोनकुसेमा न थांबता.